तुम्ही विचारलंत म्हणून : पोरांना वकिली कशाला शिकवता?

पालकसभेत हा प्रश्न ठरलेला. ‘मॅडम, पोट्टे आधीच घरी कोणाचं ऐकत नाहीत, अन् तुम्ही त्यांना वकिली शिकवून राहिल्या?’ मी नागपुरात नववी-दहावीला मराठी शिकवते. दहावीच्या उपयोजित लेखनात जाहिरात आहे, पत्रलेखन आहे. म्हणजे समोरच्याला पटवणं अभ्यासक्रमातच आलं. पण माझं कारण वेगळं आहे.

पोरं घराबाहेर पडली की त्यांना पटवायला रस्ताभर होर्डिंग उभी असतात, त्यात सगळ्यात जास्त क्लासेसची. मी तिथूनच सुरुवात करते. गुणवंतांचे फोटो, ‘मोजक्याच जागा शिल्लक’, आणि खाली ‘तुमचं मूल मागे तर राहणार नाही ना?’ असा मजकूर फळ्यावर लिहिला की वर्गाला चेव येतो. त्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नकोच असतं; आईबापाच्या पोटात गोळा आला की काम झालं. ‘मोजक्याच’ म्हणजे नेमक्या किती? फोटोतला मुलगा तिथे दोन वर्षं शिकला की नुसत्या सराव परीक्षा देऊन गेला? हे पोरांचे आगाऊ प्रश्न नाहीत बरं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याने कोणता कोर्स केला, किती काळाचा, हे जाहिरातीत सांगायला हवं. जागा संपत आल्याची खोटी घाई करायची नाही. निवड झाल्यावर त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो वापरायचा नाही. हे वाचून दाखवलं की वर्ग घरी जाताना होर्डिंगवरचा बारीक मजकूर शोधू लागतो.

ओळखण्यापेक्षा वापरणं अवघड. विषय देते : उन्हाळ्यात शाळा सकाळची करा. एक पत्र मुख्याध्यापिकांना, दुसरं व्हॅनवाल्या काकांना. पहिल्या मसुद्यात ‘भीषण’, ‘असह्य’, ‘जीवघेणा’ असं सगळं येतं. मी म्हणते, विशेषणं खोडा, मग काय उरतं ते बघू. बहुतेकांचं काहीच उरत नाही. एकाचं उरलं : ‘दुपारी सुटल्यावर सायकलचं हँडल रुमाल गुंडाळून धरावं लागतं.’ मुख्याध्यापिकांना पटवायला ही एक ओळ पुरे. काकांपुढे मात्र ती चालत नाही, ते स्वतः दिवसभर उन्हातच असतात. तिथे ‘काका, दुपारचं जेवण तुम्हाला घरी करता येईल’ हे लागू पडतं.

नारा कसा बांधायचा, ते मात्र नागपूरच्या पोरांना शिकवावं लागत नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत ‘घेऊन जा गे मारबत’ ऐकतच ती मोठी झालेली. अर्धी ओळ एकाने म्हणायची, उरलेली गर्दीने. आणि ज्याने ओळ पुरी केली तो त्या बाजूचा झाला! त्याच मिरवणुकीत ज्याच्यावर टीका करायची त्याचा पुतळा असतो, तो बडग्या. त्याच्या गळ्यातली पाटी लिहायला दिली तर आठ शब्दांत असा कोणाचा समाचार घेतात की काही पाट्या मी भिंतीवर लावत नाही.

घरी वाद वाढतो का? वाढतो. एका बाबांना मुलीने मोबाइलसाठी लेखी अर्ज दिला, ‘वर्गात सगळ्यांकडे आहे’. मी त्यांना सुचवलं, ‘सगळ्यांची’ नावं लिहून मागा. यादीत अकरा नावं निघाली, वर्ग बावन्नचा. तो मुद्दा तिने खोडला. अर्जाचा दुसरा मसुदा सध्या तिच्या आजीकडे शिफारशीसाठी गेलाय म्हणे.