तुम्ही विचारलंत म्हणून : पिस्तूल घेऊन विमानात सोडतात कसं?

गणपतीची आरती आटोपली की ह्यूस्टनच्या आमच्या मंडळींतलं कुणीतरी नवं माणूस प्रसादाचा द्रोण घेऊन माझ्या शेजारी येऊन बसतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "काकू, तुम्ही खरंच पिस्तूल घेऊन विमानाने जाता? सोडतात?" सांगलीची माझी वहिनी फोनवर हेच विचारते, फक्त तिच्या आवाजात कौतुक कमी आणि काळजी जास्त असते. द्रोणातली खिरापत संपेपर्यंत पुरेल एवढंच उत्तर मी आजवर देत आले. आज सविस्तर देते.

सोडतात. आणि खरं सांगायचं तर विमानतळावरचा भाग त्यातला सगळ्यात सोपा.

मी नेमबाजी करते, बुल्सआय प्रकारातली. एका हाताने पिस्तूल धरायचं, पन्नास आणि पंचवीस यार्डांवरून २७० गोळ्या झाडायच्या, पैकीच्या पैकी पडले तर २,७०० गुण. माझे किती पडतात ते विचारू नका. दर उन्हाळ्यात ओहायोत एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला मोठ्या स्पर्धा असतात. १९०७पासून लोक तिथे जातायत, मी गेली काही वर्षं. ह्यूस्टनहून गाडीने दोन दिवस लागतात, म्हणून विमान. सोबत दोन पिस्तुलं : बारीक गोळीचं पॉइंट टू-टू आणि जाड गोळीचं पॉइंट फोर-फाइव्ह.

(एच-वन-बीवरच्या मुलांनो, उत्साहाने मान डोलावू नका. त्या व्हिसावर असताना बंदूक जवळ बाळगणं हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालचा, गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन दोन गोळ्या झाडणंही त्यात येऊ शकतं. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबले.)

आता विमानतळ. पिस्तूल रिकामं हवं, कडक कवचाच्या पेटीत हवं, पेटीला कुलूप हवं आणि ती चेक-इनच्या सामानातच जायला हवी. माझ्या पेटीला दोन कुलपं आहेत, कारण एकच लावलं तर दुसऱ्या कोपऱ्यातून बोटं आत जातात, आणि अशी पेटी नियमात बसत नाही. किल्ली माझ्याकडेच राहते. काडतुसं त्यांच्यासाठीच बनवलेल्या खोक्यात. खिशात सुटी खुळखुळणारी चालत नाहीत. बऱ्याच कंपन्या पाच किलोपर्यंतच काडतुसं घेतात. आणि काउंटरवर प्रत्येक वेळी तोंडाने सांगायचं. हे वाक्य मी आधी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. "माझ्याकडे पिस्तूल आहे" अशी सुरुवात काउंटरवर कधीही करू नये. "सामानात एक रिकामं शस्त्र आहे, त्याची नोंद करायची आहे," असं म्हणावं, दोन्ही हात काउंटरवर ठेवून. मग एक चिठ्ठी मिळते, तिच्यावर सही करायची, ती बॅगेच्या आत ठेवायची आणि थोडा वेळ तिथेच घुटमळायचं. पेटी उघडावीशी वाटली तर टीएसएचे, म्हणजे विमानतळावरच्या सरकारी सुरक्षा तपासणीचे, लोक बोलावतात.

चिठ्ठी आत, हं. एकदा काउंटरवरच्या एका नवख्या मुलाने ती माझ्या बॅगेच्या मुठीला बांधायला घेतली. 'या बॅगेत पिस्तूल आहे' अशी पाटीच ती चोरांसाठी. बाहेरून अशी खूण करायला लावणं कंपनीला फेडरल कायद्यानेच मना आहे. मी ते कलम छापून पर्समध्ये ठेवते. त्या मुलाने ते वाचलं, वरिष्ठांना विचारून आला आणि चिठ्ठी सोडली. माझ्या मागची रांग मात्र माझ्याकडे बघत होती.

हे एवढं सोपं असूनही २०२४ साली अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणीत हातातल्या सामानातून ६,६७८ बंदुका निघाल्या, शंभरातल्या नव्वदहून जास्त भरलेल्या. "विसरलो" हे बहुतेकांचं उत्तर. मला हे कळत नाही. डबा विसरतो माणूस, छत्री विसरतो. टेक्सासात पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना असलेल्याला अशा वेळी मुकाट्याने परत फिरण्याची सवलत २०१५पासून आहे. न्यूयॉर्कला बेड्या पडतात. शिवाय टीएसएचा दंड वेगळा, आणि बंदूक रिकामी असली पण काडतुसं हाताशी असली तरी दंडाच्या हिशेबात ती भरलेलीच धरतात.

नियम पाळले की सगळं सुरक्षित, असंही मी म्हणणार नाही. जानेवारी २०१७मध्ये फोर्ट लॉडरडेलला एकजण सामानाच्या पट्ट्यावरून आपली बॅग उचलून स्वच्छतागृहात गेला, पिस्तूल भरून बाहेर आला आणि त्याने पाच माणसं मारली. मी पाळते ते नियम त्यानेही पाळले होते. तेव्हापासून काही कंपन्या अशी बॅग प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून कार्यालयातून हातात देतात. मला थांबावं लागतं, पण मी कुरकुरत नाही.

तर अवघड काय? राज्यांच्या सीमा. टेक्सासात आणि ओहायोत माझं पिस्तूल माझं आहे. न्यू जर्सीत आणि न्यूयॉर्कमध्ये तेच पिस्तूल गुन्हा आहे. तिथे दुसऱ्या राज्याचा परवाना कुणी मानत नाही. न्यूयॉर्कचा कायदा तर १९११चा, म्हणजे टिळक मंडालेत होते तेव्हाचा. मधल्या राज्यांतून जाणाऱ्यांसाठी १९८६ साली एक फेडरल संरक्षण आलं : जिथून निघालात आणि जिथे पोचणार तिथे शस्त्र कायदेशीर असेल, ते रिकामं असेल आणि हाताशी नसेल, तर वाटेतल्या राज्याने अडवू नये. वाचायला छान आहे. पण कलम लिहिताना डोळ्यांसमोर मोटार होती. त्यात ग्लोव्ह कंपार्टमेंटचासुद्धा उल्लेख आहे. विमान चुकल्यावर काय, ते त्यात नाही.

२००५ साली युटामधल्या एकाचं तेच झालं. सॉल्ट लेक सिटीहून तो पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला निघाला होता, न्यू जर्सीतल्या नुआर्कला विमान बदलून. पुढचं विमान चुकलं. बॅग त्याच्या हातात आली, रात्र झाली, तो बॅग घेऊन विमानतळाजवळच्या हॉटेलात झोपला. सकाळी काउंटरवर प्रामाणिकपणे सांगितलं, की सामानात पिस्तूल आहे. तिथेच अटक. काही दिवस तुरुंगात काढले. गुन्हा पुढे मागे घेतला गेला, म्हणून त्याने दावा लावला, तर २०१०मध्ये अपील न्यायालय म्हणालं, की हॉटेलात रात्रभर शस्त्र तुमच्या हाताशी होतं, म्हणजे ते संरक्षण तुम्हाला नाही. बॅग ताब्यात घेण्याआधी विमानतळावरच्या पोलिसांकडे जायचं होतंत. बिचाऱ्याने काहीच लपवलं नव्हतं. सांगितलं म्हणूनच अडकला. तरी निकाल वाचून मला त्या न्यायाधीशांचा राग येत नाही. कलमात लिहिलंय तेच त्यांनी वाचलं. राग येतो तो इतक्या वर्षांत ते कलम कुणी दुरुस्त केलं नाही याचा.

हा निकाल माहीत होता म्हणून एकदा मी वाचले. कॅम्प पेरीला निघाले होते, शार्लटला विमान बदलायचं होतं, आणि वादळाने संध्याकाळची सगळी उड्डाणं रद्द झाली. काउंटरवरची बाई फार गोड होती. "न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियामार्गे पाठवते तुम्हाला, आज रात्री तिथे राहा, सकाळी क्लीव्हलंड." तिला वाटलं ती माझ्यावर उपकार करतेय. मी इतक्या जोरात "नको" म्हटलं, की ती दचकली. मग शांतपणे सांगितलं, की बॅग तुमच्याकडेच राहू दे, मला न्यूयॉर्क नको, सकाळी इथूनच पाठवा. त्या रात्री हॉटेलात माझ्याकडे बदलायला कपडे नव्हते. रिसेप्शनवरून मिळालेला टूथब्रश आणि पर्समधली चिक्की एवढ्यावर भागवलं. पहिल्या दिवसाची स्पर्धा हुकली.

तेव्हापासून तिकीट काढताना मी स्वस्त-महाग बघत नाही, नकाशा बघते. थेट विमान नसेल तर मधला थांबा असा, की तिथे अडकले तरी माझी बॅग माझ्या हातात कायद्याने राहील. लेक न्यू जर्सीत, एडिसनला राहते. तिच्याकडे जाताना पिस्तुलं घरच्या तिजोरीत राहतात आणि मी पुरणाचं यंत्र घेऊन जाते. एक्स-रेत त्याचीही एकदा तपासणी झाली आहे.

आणि भारतात जाताना रेंजची बॅग कधीच नाही. एखादं काडतूस अस्तरात राहून गेलं म्हणून तिकडच्या विमानतळांवर शस्त्र कायद्याखाली अडकलेले, मग वर्षभर कोर्टात खेटे घालणारे लोक आहेत. मुंबईला निघताना मी वेगळी बॅग काढते, तरीही आदल्या रात्री ती बाथटबमध्ये उलटी करून झटकते. मागच्या डिसेंबरात टण्ण असा आवाज आला. नवरा धावत आला. वाकून पाहिलं तर वहिनीने गेल्या खेपेला दिलेल्या जोडव्यांपैकी, अस्तरात हरवलेलं एक होतं.