एक्सझेडची रात्र आणि आमची रंगपंचमी

आम्ही जे लिनक्स डिस्ट्रिब्यूशन (डिस्ट्रो), म्हणजे लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्राम यांचा तयार संच, चालवतो ते डेबियन या मोठ्या डिस्ट्रोवर उभं आहे आणि तळहातावर मावणाऱ्या, फोनमध्ये असते तशा एआरएम चिपच्या बोर्डांसाठी आहे. कंपनी बोर्ड विकून मोकळी होते. सोबत एक जुनं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, देते आणि पुढे त्याकडे वळून बघत नाही. त्या बोर्डावर आजचं कर्नल चालावं, बोर्डावर काय कुठे जोडलंय ते सांगणारी डिव्हाइस ट्री नीट असावी, बोर्ड उठवणाऱ्या यू-बूटने कार्डावरून मुकाट सुरू व्हावं, यासाठी कुणाला तरी जागावं लागतं. आमच्यात कुणी ब्राझीलमध्ये जागतो, कुणी जर्मनीत, मी सोलापुरात. पगार कुणालाच नाही. दिवसा मी एका कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत असतो. डिस्ट्रोतला माझा वाटा म्हणजे ऑलविनर चिपचे बोर्ड आणि कोडपासून चालणारे प्रोग्राम बांधणारं घरातलं एक बिल्ड मशीन.

२९ मार्च २०२४ ला गुड फ्रायडे होता, कॉलेज बंद. दिवसभर मी ३२-बिटी बोर्डांमागे लागलो होतो. ३२ बिटांत वेळ मोजणारा आकडा २०३८ साली संपतो, म्हणून डेबियनने तेव्हा आर्म-एचएफवरची, म्हणजे ३२-बिटी एआरएमवरची, वेळ ६४ बिटांवर न्यायला घेतली होती. एका पॅकेजला हात लावला की त्यावर अवलंबून असलेली ढीगभर पॅकेजं पुन्हा बांधायची. आज हे मोडायचं, उद्या ते. मोडायचंच असेल तर ते आधी आमच्यासमोर मोडावं, म्हणून माझं बिल्ड मशीन मुद्दाम डेबियन टेस्टिंगवर, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या पुढच्या आवृत्तीवर, ठेवलेलं होतं.

रात्री दहाच्या सुमारास ब्राझीलच्या सहकाऱ्याचा एका ओळीचा निरोप आला: बिल्ड मशीनवर एक्सझेड कितवं आहे?

एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करणारा प्रोग्राम. ५.६.१ होतं.

थोड्याच वेळापूर्वी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस-क्यूएल डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याने सुरक्षेच्या जाहीर यादीवर एक पत्र टाकलं होतं. त्याच्या मशीनवर एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागत होता. दुसरा कुणी असता तर चहा प्यायला गेला असता. हा खणत गेला आणि एक्सझेडच्या लिबएलझेडएमए या लायब्ररीपाशी पोचला. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. गिटमधला, म्हणजे सगळ्यांना दिसणारा, कोड वाचून तो पूर्ण दिसला नसता, कारण त्याला जागं करणारी ओळ फक्त प्रकाशनाच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटायच्या गठ्ठ्यात, होती आणि खरा माल चाचणीच्या दोन फायलींत दडवलेला होता. संकोचन करणाऱ्या प्रोग्रामच्या चाचण्यांत मोडक्यातोडक्या फायली असणारच, तिथे कोण बघतो? एक्सझेडचा एसएसएचशी थेट संबंधही नाही. पण तेव्हा डेबियनसारखी डिस्ट्रिब्यूशनं एसएसएचडीला, म्हणजे लॉगिन स्वीकारणाऱ्या प्रोग्रामला, सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामची लायब्ररी जोडत, आणि ती लायब्ररी लिबएलझेडएमएला ओढून आणत असे. एवढी फट पुरली. ज्याच्याकडे ठरावीक गुप्त किल्ली असेल त्याला लॉगिन न करताच आत हुकूम चालवता येणार होता, तेही लॉगमध्ये काही न उमटता.

लॉगमध्ये काही उमटत नाही, हेच मला सगळ्यात टोचलं. तपासायचं कुठे?

जरा शांतपणे वाचल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक, तो चोरदरवाजा बांधताना आधी चिप विचारतो. एक्स८६-६४, म्हणजे इंटेल-एएमडीची चिप, आणि लिनक्स असेल, डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जात असेल, तरच माल आत शिरतो. आमचे बोर्ड एआरएमचे, शिवाय स्थिर इमेजेस, म्हणजे कार्डावर टाकायच्या तयार फायली, डेबियन १२ च्या, त्यात एक्सझेड ५.४.१. म्हणजे लोकांच्या हातातले बोर्ड दोनदा सुटले. दोन, ज्या मशीनवर ते सगळं बांधलं जातं ते एक्स८६-६४, डेबियन टेस्टिंग, ५.६.१. ते नेमकं सापडलं.

मी नेटवर्कची वायर काढली. तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, पाणी आलंय, मोटार लावा!"

सोलापुरात तेव्हा चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. त्या वर्षी तर उजनी तळाला गेलेली, त्यामुळे आलेलं पाणी सोडायचं नसतं, भले जगातला निम्मा इंटरनेट पेटलेला असो. टाकी भरेपर्यंत मी जिन्यात बसून फोनवर बाकीचं वाचलं.

या घरात दोन गैरसोयी आहेत ज्यांना मी कायम शिव्या घालत आलो. आमची ब्रॉडबँड कंपनी सगळ्या गल्लीला मिळून एकच बाहेरचा पत्ता देते, त्यामुळे बाहेरून माझ्या मशीनपर्यंत थेट पोचताच येत नाही. सहकाऱ्यांसाठी मला भाड्याच्या सर्व्हरमार्गे वायरगार्डचा, म्हणजे खासगी जोडणीचा, बोगदा खणावा लागला होता, आणि त्या सर्व्हरवर डेबियन स्थिर. दुसरी गैरसोय विजेची. बिल्ड मशीन इन्व्हर्टरवर टिकत नाही, म्हणून पॅकेजांच्या यादीवर जीपीजी, म्हणजे डिजिटल, सही करायचं काम मी कपाटातल्या एका ऑलविनर एच३ बोर्डाकडे दिलं होतं, जो दोन-तीन वॅटवर रात्र काढतो. बिल्ड मशीनवरून त्यात लॉगिन करता येत नाही. तोच अधूनमधून जाऊन यादी उचलतो आणि सही करून ठेवतो. यात सुरक्षेचा विचार कमी आणि वीजबिलाचा जास्त होता. पण सहीची किल्ली त्या रात्री एआरएमवर होती आणि बिल्ड मशीनला तिचं तोंडही दिसत नव्हतं.

जर्मनीचा सहकारी म्हणाला, मग झालं, पॅकेज मागे घे आणि झोप. डेबियनने तोवर दुरुस्ती सोडलीच होती. तिचा क्रमांक ५.६.१+रिअली५.४.५-१, म्हणजे पुढचा आकडा लावून मागची आवृत्ती. एरवी मी यावर हसलो असतो. पण किल्ली शाबूत असली तरी बोर्ड सही आंधळेपणाने करतो. बिल्ड मशीनने काहीही पुढे केलं असतं, तरी त्यावर शिक्का बसला असता. तेव्हा मशीन पुसायचं, आणि ५.६ आल्यापासून त्यावरून जे बाहेर गेलं ते दुसरीकडे पुन्हा बांधून पडताळायचं, असं ठरलं. टेस्टिंगवरच्या प्रायोगिक इमेजेस तर रात्रीच उतरवल्या.

शनिवारी रंगपंचमी. सोलापुरात धुळवडीपेक्षा रंगपंचमीचा जोर मोठा. सकाळी नऊपासून गल्लीत पिंप आणि डीजे. मी खिडक्या लावून बसलो, आणि पूर्व भागातल्या एका कारखानदाराचा फोन आला. त्यांच्या यंत्रमागांवर आमचंच डिस्ट्रो चालणारे बोर्ड आहेत, किती कापड विणलं ते मोजून भिंतीवरच्या पडद्यावर दाखवतात.

"सर, व्हॉट्सॲपवर आलंय, लिनक्समध्ये चोरदरवाजा सापडला म्हणून. आमचे डबे बंद करू का? आज माग बंदच हायत, करायचं तर आत्ताच करतो."

"नको, राहू द्या चालू. तो दरवाजा इंटेल-एएमडीच्या चिपसाठीच बनवलेला. तुमच्या डब्यात एआरएम आहे, आणि पॅकेजही जुनं."

"म्हणजे स्वस्तातलं घेतलं ते बरंच झालं की!"

इमेज डाउनलोड करणाऱ्यांना वेगळंच भ्याव होतं. आमच्या इमेजेस एक्सझेडने दाबलेल्या असतात, तर ती फाईल उघडली की बाधा होईल का? नाही होणार. फाईलच्या प्रकारात विष नव्हतं, प्रोग्रामच्या दोन आवृत्त्यांत होतं. हे उत्तर मी दिवसभर इतक्यांदा लिहिलं की शेवटी चिकटवायला एक तयार परिच्छेद ठेवला.

पडताळणी दुपारपर्यंत चालली. बांधकाम आम्ही डेबियन १२ च्या कंटेनरात, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या खोक्यात, करतो, त्यामुळे जर्मनीत तोच कंटेनर उघडून तेच बांधता आलं. यू-बूटच्या फायली बाइटन् बाइट जुळल्या. कर्नल जुळेना, आणि थोडा वेळ घशाला कोरड पडली. मग लक्षात आलं की कर्नल स्वतःच्या पोटात बांधणाऱ्याचं नाव, मशीनचं नाव आणि वेळ लिहून ठेवतं. तिन्ही सारखी करून पुन्हा बांधल्यावर जुळलं. संपूर्ण इमेज मात्र जुळणं शक्यच नव्हतं, कारण फाइलसिस्टमला दरवेळी नवा ओळखक्रमांक मिळतो. मग आतल्या फायली एकेक करून ताडल्या.

इथवर काम तांत्रिक होतं. त्यानंतर मी जे वाचलं त्याने दिवस खराब केला.

लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस एक्सझेड वर्षानुवर्षं एकट्याने, फुकट सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्या यादीवर काही जण तगादा लावू लागले: पॅच (लोकांनी पाठवलेले बदल) पडून राहतात, तुम्हाला रस उरला नाही, दुसऱ्याला सोपवा. त्याने तिथेच लिहिलं होतं की मानसिक आरोग्याचा दीर्घ त्रास आहे आणि हे बिनपगारी काम आहे. तगादा थांबला नाही. त्याच काळात जिया टॅन नावाचा एक कामसू मदतनीस पॅच पाठवत होता, आणि हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या. चोरदरवाजा त्याच्याच हातून आत आला. तगादा लावणाऱ्यांतलं एक नाव होतं जिगर कुमार. ती नावं बनावट असावीत असं आता मानलं जातं. ते कोण होतं कुणास ठाऊक, पण ते नाव निवडणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं की अशी पत्रं कशी दिसतात. मला रोज येतात. वायफाय कधी चालणार? प्रकल्प मेला का? जमत नसेल तर सोडा.

आणि माझ्याकडेही एक कामसू मदतनीस होता.

वर्षभर तो ऑलविनर आणि रॉकचिप दोन्हींवर पॅच देत होता. नीटनेटके, चाचणी करून, रात्री-बेरात्री. मला फक्त टोपणनाव माहीत. त्याला थेट बदल करायचे हक्क द्यायचे असं आम्ही तिघांनी त्याच आठवड्यात ठरवत आणलं होतं, कारण मी थकलो होतो. हे वाक्य मी आधी कुठेतरी वाचलंय असं वाटलं, आणि ते खरंच होतं, थोड्याच वेळापूर्वी.

गल्लीत लोक रंगात न्हात होते आणि मी एका पोराचे वर्षभराचे पॅच उकरत होतो. कमिटच्या, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदीतल्या, वेळेपुढे +०५३०, म्हणजे भारतीय वेळ, असायचं. ते काय, कुणीही लिहू शकतं. त्याने आणलेल्या बंद, म्हणजे आतला कोड वाचता न येणाऱ्या, फायली वेगळ्या काढल्या आणि तिथे माझंच हसं झालं. एक्सझेडच्या दोन फायलींनी जग हादरलं होतं, आणि रॉकचिपच्या आमच्या आरके३५८८ बोर्डांत तर मेमरी सुरू करणारा पहिला कोडच कंपनीने दिलेला बंद डबा आहे. उगम कोड मिळत नाही, तरी आम्ही तो बिनबोभाट वाटतो, कारण त्याशिवाय बोर्ड उठतच नाही. ऑलविनरवर ते काम मोकळ्या यू-बूटमध्ये होतं, ते त्या चिपांवर वर्षानुवर्षं खपलेल्या लोकांच्या कृपेने. त्या पोराकडे संशयाने बघायचं तर मग या डब्याकडे कसं बघायचं?

संध्याकाळी मी त्याला काही विचारायच्या आतच त्याचा निरोप आला. त्याने आजवर पाठवलेल्या प्रत्येक बंद फाईलची यादी, ती कुठून उचलली तो पत्ता, आणि शा-२५६ बेरीज, म्हणजे फाईल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा. खाली लिहिलं होतं, "सर, मला हक्क आत्ता देऊ नका. हवं तर आधारकार्ड दाखवतो, पण त्याने तुम्हाला काय कळणार?"

खरंच काय कळणार होतं? मी बेरजा तपासल्या, जुळल्या. मग वाटलं, ज्याला फसवायचं असेल तोही अशीच यादी पाठवेल. ते वाटणं मला आवडलं नाही, पण तेव्हापासून ते गेलेलंही नाही. त्याच्याशी नंतर फोनवर बोललो. विदर्भातला असावा असं बोलण्यावरून वाटलं. विचारलं नाही.

हक्क त्याला दिले नाहीत. माझेही काढून घेतले, म्हणजे एकट्याने काही विलीन करायचे. आता कुठलाही बदल असो, दोघांच्या सह्या लागतात, मी असलो तरी. ब्राझीलचा सहकारी कुरकुरला की आधीच आपण तीन माणसं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. बिल्ड मशीन रविवारी पुसून डेबियन १२ वर आणलं, आणि टेस्टिंगची कामं नेटवर्क तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ढकलली. जास्त वेळ लागतो, लागू दे.

त्या पोराचा वायफायचा पॅच एप्रिलमध्ये गेला. माझी सही झाली होती, जर्मनीची यायला आठवडा लागला. मधल्या काळात एका वापरकर्त्याने विचारलंच, एवढ्याशा बदलाला एवढा वेळ का, तुम्हाला जमत नसेल तर कुणाला तरी सोपवा की. नाव जुनं होतं, ओळखीचं, कित्येक वर्षांचं. तरीही उत्तर देण्याआधी मी त्याचे मागचे सगळे निरोप काढून वाचले.