नव्या मैत्रिणीबरोबर रात्रभर बाहेर : वृत्तांत आणि थोडी माहिती

महाविद्यालयात नुकत्याच ओळख झालेल्या मैत्रिणीबरोबर मी एक अख्खी रात्र शहरात काढली आणि ती इतकी दणक्यात गेली की असा बेत आखणाऱ्या इतरांसाठी तिचा वृत्तांत लिहावासा वाटला. जुन्या मैत्रिणीचा स्वभाव आपल्याला पाठ असतो. नवी मैत्रीण मद्य घेतल्यावर कशी वागते, दमली की सांगते का, चिडली तर गप्प बसते की निघून जाते, यातले काहीच आपल्याला ठाऊक नसते. म्हणून निघण्यापूर्वी वसतिगृहातच आम्ही बोलून घेतले : एकीने निघायचे म्हटले की दुसरीने हुज्जत घालायची नाही, न सांगता कोणाबरोबरही बाहेर जायचे नाही आणि मद्य दोघींपैकी एकीनेच घ्यायचे. हा विषय तिनेच काढला आणि माझा तिच्यावर विश्वास बसला तो तिथेच. जिथे एवढे बोलायलाही संकोच वाटतो, तिथे त्या ओळखीच्या भरवशावर रात्रभर बाहेर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोटभर जेवूनच आम्ही नृत्यगृहात शिरलो. अन्नामुळे मद्य रक्तात सावकाश उतरते, त्यामुळे जेवण आधी उरकणे केव्हाही बरे. आत संगीताचा आवाज असा होता की तो कानांआधी छातीत जाणवत होता. मैत्रीण एरवी वर्गात मागच्या बाकावर मुकाट बसणारी. पण पहिल्याच गाण्याला ती गर्दीच्या मधोमध शिरली आणि तिचे नाचणे पाहून अनोळखी मुलीही भोवती फेर धरू लागल्या. मीही भान विसरून नाचले. अशा ठिकाणी आवाज सहज 100 डेसिबलपर्यंत जातो. कान बिघडू नयेत म्हणून कामाच्या जागेसाठी 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास ही मर्यादा सुचवली जाते आणि पुढच्या दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. या हिशेबाने 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे उरतात. इयरप्लग घातल्याने गाण्याची मजा कमी होत नाही, उलट शेजारच्या माणसाचे बोलणे अधिक स्पष्ट कळते. ध्वनिवर्धकांपासून लांब उभे राहावे आणि अधूनमधून बाहेर मोकळ्या हवेत जाऊन यावे.

असेच बाहेर आलो असताना जिन्याजवळ एक अनोळखी मुलगी भिंतीला टेकून बसलेली दिसली. तिच्याबरोबरचे लोक आतच कुठेतरी होते. जमलेल्यांपैकी कोणी कडक कॉफी पाजायला सांगत होते, कोणी तोंडावर गार पाणी मारायला. पण यांपैकी कशानेही रक्तातले मद्य लवकर उतरत नाही. ते काम यकृत आपल्याच गतीने, तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्य या हिशेबाने करते. शिवाय पिणे थांबल्यावरही पोटातले मद्य रक्तात शिरतच असते, त्यामुळे झोपू दिले की बरे वाटेल हा समज घातक ठरू शकतो. माझ्या मैत्रिणीने तिला कुशीवर वळवले, उलटी झाल्यास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून तोंड किंचित जमिनीकडे केले आणि तिचा श्वास मोजू लागली. हाका मारून, खांदा हलवूनही मुलगी जागी होईना, तेव्हा तिने कोणालाही न विचारता रुग्णवाहिका बोलावली. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठा खंड किंवा ओठ निळसर पडणे, यांपैकी एक जरी दिसले तरी वाट पाहू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. तिच्या मैत्रिणी सापडल्या, त्यांतली एक तिच्याबरोबर गेली. हे सगळे करताना माझ्या मैत्रिणीचा आवाज एकदाही चढला नाही. तिची खरी ओळख मला झाली ती त्या जिन्यापाशी.

त्यानंतर पुन्हा आत जावेसे वाटले नाही. रिकाम्या रस्त्यांवरून आम्ही कितीतरी चाललो, पुलावर शर्यत लावली, मोठ्याने गाणी म्हटली आणि वर्गात ज्या गोष्टी बोलायला वर्षभर लागले असते, त्या पहाटेपर्यंत बोलून झाल्या. चालायचे असेल तर उजेडाचे, वर्दळीचे रस्तेच निवडावेत, फोन पुरता चार्ज केलेला असावा आणि आपण कुठे आहोत हे खोलीवरच्या एका मैत्रिणीला कळत राहील अशी सोय करावी.

पहाटे चारच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत कमी असते आणि झोप अनावर होते. सलग 17 तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे 1997 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले होते. तेव्हा मद्याला स्पर्श न केलेल्या मैत्रिणीनेही त्या वेळी गाडी चालवू नये. परतीचे वाहन संध्याकाळीच ठरवून ठेवावे, आम्ही तसेच केले होते. काढलेली छायाचित्रे एकमेकींना दाखवून, दोघींच्या संमतीनेच इतरांना पाठवावीत. दुसऱ्या दिवशी सकाळचे तास नसलेलीच रात्र निवडावी आणि मोठ्या आवाजाने कानांत वाजू लागलेली शिट्टी दिवसभरातही थांबली नाही, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.