एकाच घरात दोन चिन्हं

आज २३ नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या निकालाचा दिवस मामांच्या घरी काढला, बारामती तालुक्यात. सकाळपासून टीव्ही सुरू, आणि मामांनी दूध घालायलासुद्धा धाकट्याला पाठवलं.

मामा १९९९ पासून राष्ट्रवादीच्या घड्याळावर शिक्का मारत आले, पुढे मशीन आल्यावर बटण. पक्ष फुटल्यावर महिनाभर धड जेवले नाहीत, असं मामी सांगते. मे महिन्यात लोकसभेला त्यांनी साहेबांच्या, म्हणजे शरद पवारांच्या गटाची तुतारी दाबली, सुप्रियाताईंसाठी. आणि तीन दिवसांपूर्वी विधानसभेला पुन्हा घड्याळ, जे फुटीनंतर अजितदादांकडे गेलं, दादांसाठी. मी विचारलं, "मामा, मग तुमचा पक्ष कोणता?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरं, दिल्लीला साहेबांची लेक, हितल्या कामाला दादा. पक्ष त्यांनी फोडला, आम्ही न्हाई."

आकडेही तेच बोलतात. सुप्रियाताई लोकसभेच्या अख्ख्या मतदारसंघात मिळून दीड लाखाहून जास्त मतांनी आल्या, अजितदादा आज लाखाच्या फरकाने. सहा महिन्यांत, आणि बारामतीतून आघाडी दोघांनाही! बाहेरचे लोक याला मतदार फिरला म्हणतील. मला ते पटत नाही. इथे विहिरीच्या मोटरीपासून मुलीच्या कॉलेज प्रवेशापर्यंत कोण धावून आलं, याचा हिशोब लोकांच्या डोक्यात पक्का असतो, आणि तो चिन्हापेक्षा जुना असतो.

मामी मात्र दोन्ही वेळा तुतारीच. "म्हातारपणी माणसाला सोडायचं नसतं," एवढंच बोलली आणि भाकरी थापायला आत गेली. मामांनी टीव्हीचा आवाज कमी केला.