640 एकरांचा हिशोब: नेब्रास्काची चेरी काउंटी

विदर्भात विरळ वस्तीचा जिल्हा म्हटला की गडचिरोलीचे नाव पुढे येते. त्याचे क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर असून 2011 च्या जनगणनेत तेथे 10,72,942 माणसांची नोंद झाली. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या उत्तर सीमेवर चेरी नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. तिचा विस्तार सुमारे 15,500 चौरस किलोमीटर, म्हणजे गडचिरोलीहूनही थोडा अधिक आहे, आणि 2020 च्या जनगणनेत तेथे 5,455 माणसे होती. एका माणसाच्या वाट्याला जवळजवळ तीन चौरस किलोमीटर जमीन येते. शंभर वर्षांपूर्वी, 1920 मध्ये, याच काउंटीत 11,753 लोक राहत होते. निम्म्याहून अधिक वस्ती कुठे गेली, या प्रश्नाने मला बरेच दिवस धरून ठेवले आहे, कारण माझी सारी नोकरी भूमापनात गेली आणि या प्रश्नाचे उत्तर मला जमीन मोजण्याच्या पद्धतीतच दिसते.

नेब्रास्कातल्याच ओमाहा शहरात राहणाऱ्या भाच्याबरोबर मी दोन वर्षांपूर्वी त्या भागात गेलो होतो. पश्चिमेकडे जाताना मक्याची शेते हळूहळू संपतात आणि ज्यांना तिकडे सँडहिल्स म्हणतात, त्या गवताने झाकलेल्या टेकड्या सुरू होतात. दुरून आपल्याकडच्या माळरानासारख्या दिसणाऱ्या या टेकड्या खरे तर वाऱ्याने रचलेले वाळूचे ढिगारे आहेत. काहींची उंची शंभर मीटरहून अधिक भरते आणि त्यांचा संपूर्ण पट्टा सुमारे 50,000 चौरस किलोमीटरचा आहे. पश्चिम गोलार्धात गवताने धरून ठेवलेला वाळूचा एवढा मोठा प्रदेश दुसरा नाही. पाऊस नागपूरच्या निम्म्याच्या आसपास पडतो, परंतु तो वाहून न जाता वाळूत मुरतो, खाली ओगलाला या प्रचंड भूजलसाठ्याला मिळतो आणि टेकड्यांमधल्या सखल जागी तळी व ओली कुरणे होऊन पुन्हा वर येतो. नायोब्रारा नदीही याच झऱ्यांवर वाहते. आपल्या नद्या मार्चपासून आटू लागतात हे पाहत आलेल्या माणसाला तिचा बारमाही प्रवाह पाहून हेवा वाटल्याशिवाय राहत नाही. मात्र वरचे गवत एकदा फाटले की वारा त्या जागी वाळूचा खड्डा कोरत जातो, आणि तो खड्डा भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणूनच ही जमीन नांगराची नाही.

तेथील मूळनिवासी लाकोटा लोकांना ती शिकारीचा प्रदेश म्हणून माहीत होती. त्यांना उत्तरेकडे, आजच्या साउथ डकोटातील रोजबड राखीव क्षेत्रात कोंडल्यानंतर त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी 1880 मध्ये फोर्ट नायोब्रारा हे लष्करी ठाणे उभारले गेले. 1883 मध्ये काउंटीची स्थापना झाली आणि 1881 मध्ये मारल्या गेलेल्या सॅम्युअल चेरी या तरुण लष्करी अधिकाऱ्याचे नाव तिला मिळाले. तोपर्यंत या टेकड्यांत गुरे टिकत नाहीत असा समज होता. हिमवादळात भरकटलेली गुरे आतल्या कुरणांत धडधाकट सापडल्यावर तो समज मोडला आणि गुरांचे मोठे मालक येथे आले.

पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 1862 च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकाराला 160 एकर जमीन मिळत असे. वाळूच्या प्रदेशात तेवढ्यावर कुटुंब जगत नाही हे ध्यानात आल्यावर, नेब्रास्काचे लोकप्रतिनिधी मोझेस किंकेड यांच्या पुढाकाराने 1904 मध्ये नवा कायदा झाला आणि पश्चिम नेब्रास्कात प्रत्येकाला 640 एकर, म्हणजे बरोबर एक चौरस मैल, मिळू लागले. जमिनीवर आखलेले ते चौकोन टेकडी, तळे, कुरण काहीच पाहत नव्हते. आपल्या जुन्या मध्य प्रांताच्या बंदोबस्तात काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी मातीची प्रत ठरवून मगच सारा आकारला जाई. त्या पद्धतीत शिकलेल्या माझ्यासारख्याला हे चौकोन पाहून वाईट वाटते. तेथे एक गाय आणि तिचे वासरू वर्षभर पोसायला साधारण पंधरा ते वीस एकर कुरण लागते. म्हणजे 640 एकरांवर तीस-चाळीस गायी, आणि त्यावर एका घराचा संसार. नांगरून पाहिलेल्यांची वाळू उडाली. अनेकांनी जमिनी विकल्या, आणि त्या एकत्र होऊन हजारो एकरांचे रँच, म्हणजे गुरे पाळण्याचे मोठे मळे, तयार झाले.

या वसाहतकारांमध्ये काळे लोकही होते. गुलामगिरीतून निसटून कॅनडात आश्रय घेतलेल्यांचे वंशज त्यांच्यात होते. 1907 पासून त्यांनी काउंटीच्या दक्षिण भागात, नॉर्थ लूप नदीकाठी, डेविटी नावाची वसाहत वसवली, शाळा चालवली, जमिनीची कागदपत्रे स्वतःच्या नावावर केली. नेब्रास्कातील काळ्या शेतकऱ्यांची ती सर्वांत मोठी वसाहत ठरली, परंतु 1930 च्या दशकात तीही उठली. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्यांनी सातबारा म्हणावा असा कागद हातात घेतला आणि वाळूने तो सोडायला लावला, हे वाचताना मी फार वेळ थांबलो.

आज काउंटीतील जवळजवळ निम्मी माणसे व्हॅलेंटाइन या मुख्य ठिकाणी राहतात. 2020 मध्ये तेथील लोकसंख्या 2,633 होती. उरलेल्या प्रदेशात दोन कालविभाग आहेत, त्यामुळे पश्चिमेकडे जाताना काउंटीच्या आतच घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. गायी माणसांच्या कित्येक पटींनी अधिक आहेत. पश्चिमेकडच्या कोडी या सुमारे दीडशे वस्तीच्या गावात किराणा दुकान उरले नव्हते, तेव्हा शाळेतील विद्यार्थ्यांनी पुढाकार घेतला आणि 2013 मध्ये पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंती असलेल्या इमारतीत दुकान सुरू झाले. ते विद्यार्थीच चालवतात.