सांगता येत नाही

शनिवार, रात्री

दुपारी तीनच्या सुमारास वहिनींनी गच्चीवरूनच हाक मारून विचारले, "वन्सं, पाऊस येणार का हो?" मी वर गेले. सिंहगडाच्या बाजूला दोन राशिमेघ, म्हणजे कापसाच्या ढिगासारखे ढग, फुगत चालले होते. त्यांच्या कडा अजून फुलकोबीसारख्या रेखीव होत्या, म्हणजे माथ्याशी बर्फ धरू लागले नव्हते. पूर्वेला मात्र एकाचा माथा ऐरणीसारखा पसरला होता. वारा पाहिला, फोनवर रडारचे चित्र पाहिले आणि म्हणाले, "सांगता येत नाही." पुढे बरेच सांगायचे होते, पण "बरं, मग उचलते," म्हणून वहिनी वाकल्या आणि माझे पुढचे वाक्य सुरू होण्याआधी त्यांनी कुरडयांचा पहिला कागद चारी कोपऱ्यांनी धरून उचललाही.

पाऊस आला नाही. हडपसरकडे झोडपून काढले म्हणे. आमच्याकडे गच्चीच्या फरशीवर मोजून दहाबारा टपोरे डाग पडले आणि पाच मिनिटांत वाळले. म्हणजे माझे चुकले नव्हते. वळवाच्या ढगाचे सारे आयुष्य अर्ध्यापाऊण तासाचे, त्याचा पसारा पाचदहा किलोमीटरांचा, आणि तो कोणत्या पेठेवर फुटेल हे तासभर आधी सांगणे आजही कोणाच्या हातात नाही. हे सारे खरे असूनही संध्याकाळपासून ते तीन शब्द माझ्या कानांतून जात नाहीत. येत्या ऑगस्टअखेर मी निवृत्त होते. तीस वर्षांहून अधिक काळ ढगांवर काम केले आणि घरच्या माणसाने ढगाबद्दल सरळ काही विचारले, तर माझ्यापाशी एवढेच होते.

दादा असता तर त्याने विषय बदलला असता. असो.

वहिनींचे माहेर सोलापूरकडचे, पर्जन्यछायेतले. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात आमच्या संस्थेने तिथे पाऊस वाढतो का हे पाहायला विमानातून ढगांत कण फवारण्याचा प्रयोग केला, तेव्हा त्यांच्या भावाने मला फोन करून विचारले होते, "ताई, आमच्या शिवारावरच्या ढगात टाकलं का?" एकूण 276 ढग होते. त्यांतल्या काहींवर फवारणी केली आणि काही मुद्दाम तसेच सोडले, कारण न फवारलेल्यांशी ताडून पाहिल्याखेरीज फवारणीने काय घडले हे कळत नाही. त्या 276 ढगांबद्दल आज पुष्कळ सांगता येते. त्यांच्या शिवारावरच्या एका ढगाबद्दल तेव्हाही सांगता आले नाही. ते "बरं, बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. तोही आवाज आज आठवला.

या कामावर माझा जीव जडला तो आकड्यांमुळे नव्हे. महाबळेश्वरला सुमारे 1,400 मीटर उंचीवर 2012 पासून मेघभौतिकीची प्रयोगशाळा आहे. जुलैत तिथे ढग दारातून आत येतो. छपरावर उपकरणापाशी उभे राहिले की चष्म्याच्या काचेवर काही पडल्याचे जाणवत नाही, नुसती काच हळूहळू पांढरी होत जाते आणि मग अचानक तिच्यावरून एक थेंब ओघळतो. ढगातला कण एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. असे दहा लाख एकत्र यावेत तेव्हा पावसाचा एक थेंब होतो. त्यांतला प्रत्येक कण धुळीच्या, मिठाच्या नाहीतर धुराच्या कणावर धरलेला असतो. आमचे ड्रायव्हर त्याला धुके म्हणत, आम्ही ढग म्हणत असू आणि दोघांचेही बरोबर होते. तिथे अशी भिजत उभी असताना मला कधीही वाटले नाही की हे सारे कशासाठी. आज वाटले.

खरे तर माझा प्रश्न उद्याच्या पावसाचा नव्हताच. जग तापले की ढग काय करतील, हा होता. ढग ऊन परत फिरवतात आणि जमिनीची ऊबही अडवून धरतात. दोन्हींची वजाबाकी केली तर आज ते पृथ्वीला दर चौरस मीटरमागे सुमारे 20 वॅट गार ठेवतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याने पडणारा भार चार वॅटच्या आसपास. म्हणजे ढगांनी कूस थोडी बदलली तरी सारा हिशेब बदलतो, आणि संगणकावर जगाचे हवामान मांडणाऱ्या प्रतिमानातला एक चौकोन शंभरेक किलोमीटरांचा असल्याने आमच्या गच्चीवरचा ढग त्यात मावतच नाही, तो सूत्रांनी अंदाजाने धरावा लागतो. 1979 च्या चार्नी अहवालात, म्हणजे अमेरिकी शास्त्रज्ञांच्या या विषयावरच्या जुन्या अहवालात, लिहिले होते की कार्बन डायऑक्साइडच्या दुपटीने तापमान 1.5 ते 4.5 अंश वाढेल. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, आयपीसीसीच्या, 2013 च्या अहवालातही तेच 1.5 ते 4.5. माझ्या उमेदीची वर्षे या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत गेली.

त्या खालच्या टोकात माझा जीव अडकला होता, हे मी कधी कोणापाशी बोलले नाही. वाटे, ढग आपल्याला छत्री धरतील. तापेल तसे ते दाट होतील आणि ऊन थोपवतील. 2021 च्या आयपीसीसी अहवालात ते अंतर कमी झाले, 2.5 ते 4. उष्ण समुद्रांवरचे खालचे ढग विरळ होतात, उंचावरचे आणखी उंच जातात, आणि दोन्हींमुळे ताप वाढतोच. इतक्या वर्षांनी जे ठामपणे सांगता आले ते हे, की ढग आपल्याला वाचवणार नाहीत. त्या दिवशी साऱ्यांनी एकमेकांचे अभिनंदन केले. मी घरी येऊन बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

जेवणे झाल्यावर वहिनींना विचारलेच, "मी नक्की काहीच सांगितलं नव्हतं, तरी लगेच कशा उचलल्यात?" त्यांना माझा प्रश्नच कळेना. "सांगता येत नाही म्हणालात, म्हणून तर उचलल्या. तीन दिवस गहू भिजवलेला, पहाटे उठून चीक घोटलेला. उन्हाचं काय, उद्या पुन्हा घालू."

मी किती सभांमध्ये बसले आहे, जिथे हेच तीन शब्द ऐकून समोरची माणसे पाठ टेकून म्हणाली, मग थांबू या, आणखी अभ्यास होऊ दे. त्या प्रत्येक वेळी मला वाटले की उणेपण माझ्या उत्तरात आहे. वहिनींना उत्तर पुरले. त्यांच्या हिशेबात एका बाजूला चार खेपांचा जिना होता आणि दुसऱ्या बाजूला वर्षाच्या कुरडया, एवढ्यावर त्यांचे भागले.

आत्ता अर्धवट वाळलेल्या कुरडया दिवाणखान्यात पंख्याखाली पसरल्या आहेत. कडांनी कडक झाल्या आहेत, मध्ये अजून बोट लावले की चिकटते. उद्याही दुपारनंतर मेघगर्जनेची शक्यता दिली आहे. वहिनींचा गुडघा दुखतो, तेव्हा सकाळी सातच्या आत कागद मीच वर नेणार आहे आणि दोनच्या आधी मीच खाली आणणार आहे.