हापूसच्या हंगामाचा डेटाबेस: आधी डिस्क, मग मशीन

देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा बुकिंगच्या साइटी वर्षातले बरेच महिने निवांत असतात. मार्च उजाडला की पेट्यांच्या ऑर्डरी सुरू होतात आणि मग क्लाउडवरचं मशीन निवडताना कोर नि रॅमच बघितले होते, हे ध्यानात येतं.

पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक कमिटची (पक्क्या केलेल्या बदलाची) नोंद डिस्कवर पक्की उतरल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाही. म्हणजे ऑर्डर किती पटकन लागते ते डिस्क ठरवते. एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) जुन्या जीपी२ प्रकारात १०० जीबीच्या डिस्कला कायमचे मिळतात फक्त ३०० आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनाची कामं). बर्स्टमध्ये (थोड्या वेळापुरत्या जादा वेगात) ३,००० मिळतात खरे, पण तेवढा भार सतत राहिला तर साठलेले क्रेडिट (बर्स्टचा शिलकी कोटा) अर्ध्या तासाच्या आसपास संपतात. मग सीपीयू रिकामा, आयओवेट (डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ) वाढलेला आणि गिऱ्हाईक फोनवर! नव्या जीपी३ प्रकारात आकार कितीही असो, ३,००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी धरूनच मिळतात. जीपी२ घ्यायला आता कारण नाही.

पण मशीनचीही डिस्ककडे जाणारी वाट अरुंद असते. टी३ सारख्या लहान मशीनना डिस्कशी बोलण्याचा कमाल वेग दिवसातून अर्धा तासच टिकवता येईल एवढीच हमी असते, म्हणून चांगली डिस्क लावूनही काम अडतं. शिवाय टी३ मीडियमचा सीपीयू दर कोरला २० टक्क्यांवर चालेल असाच हिशोब आहे. त्यावर सतत गेलात तर ‘अनलिमिटेड’ मोडमध्ये (जादा वापराचे वेगळे पैसे लागतात त्यात) बिल फुगतं. हंगामापुरतं तरी सततच्या कामासाठी असलेलं एम मालिकेतलं मशीन घ्या, आणि त्याच्या तक्त्यात डिस्क-बँडविड्थचा ‘बेसलाइन’ (कायम मिळणारा) आकडा वाचा, ‘अप टू’ वाला नव्हे.

डिस्कची चाचणी एफआयओ या वेग मोजणाऱ्या साधनाने करा: ८ केबीचे रँडम राइट, प्रत्येक राइटनंतर एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का उतरवणं), आणि किमान तासभर. पाच मिनिटांची चाचणी फक्त बर्स्ट मोजते.

रॅम एवढी हवी की रोज लागणारी टेबलं आणि इंडेक्स मावतील. शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेस रॅममध्ये स्वतःसाठी राखतो ती जागा) मुळात १२८ एमबी असतात, ते रॅमच्या पाव भागावर न्या. अ‍ॅप आणि डेटाबेस मुंबई रीजनच्या एकाच झोनमध्ये (डेटासेंटरच्या एकाच गटात) ठेवा. एका ऑर्डरमागे अ‍ॅप आणि डेटाबेसमध्ये वीसेक क्वेरींच्या फेऱ्या असतात, गिऱ्हाइकाची रत्नागिरीहून मुंबईची फेरी एकदाच होते.

मशीनसोबत येणाऱ्या लोकल एनव्हीएमई डिस्कवर डेटा ठेवू नका. रीबूटला टिकतो, पण मशीन ‘स्टॉप’ केलं की गेला. रूट डिस्कही (ऑपरेटिंग सिस्टिम असते ती) नको, मशीन डिलीट करताना तीही सहसा सोबत जाते. डेटाला वेगळी डिस्क असली की जूनमध्ये मशीन थांबवून लहान करता येतं. डिस्क मात्र वाढवता येते, कमी करता येत नाही, त्यामुळे ५० जीबीत भागत असेल तर ५०० घेऊन बसू नका.